मार्टिन लूथर आणि उपवासकाळाची तयारी

सातपुड्याच्या पायथ्याशीं गहूं-हरभऱ्याची काढणी सुरू होते, त्या दिवसांत उपवासकाळ जवळ येतो. त्याच्या अगोदरच्या रविवारीं पुष्कळ लूथरन मंडळ्या प्रभूच्या रूपांतराचा सण पाळितात. त्या डोंगरावर मंडप घालून राहावें असें पेत्राला वाटलें. पण प्रभूनें शिष्यांना खालीं आणिलें. पायथ्याशीं एक आजारी मुलगा व त्याचा व्याकुळ बाप वाट पाहत होते, आणि पुढची वाट वधस्तंभाकडे जात होती. ज्यांच्या नांवानें ह्या मंडळ्या ओळखल्या जातात, त्या मार्टिन लूथर ह्यांच्या चरित्रांतहि डोंगर उतरण्याचा असा एक प्रसंग आहे.

लूथर ह्यांचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आइस्लेबेन गांवीं झाला. ते मठवासी झाले, व पुढें विटेनबेर्ग येथें पवित्र शास्त्र शिकवूं लागले. १५१७ सालीं त्यांनीं क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध लेखणी उचलली. १५२१ च्या एप्रिलांत वर्म्स येथें बादशहासमोर आपले लेख मागें घेण्याचें त्यांनीं नाकारिलें. तेव्हां त्यांच्या जिवास धोका जाणून सॅक्सनीचे अधिपति फ्रेडरिक ह्यांनीं त्यांना वार्टबुर्गच्या डोंगरी किल्ल्यांत लपविलें. दाढी वाढवून, सरदाराच्या वेषांत ते तेथें सुमारें १० महिने राहिले, आणि सुमारें ११ आठवड्यांत त्यांनीं नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें.

इकडे विटेनबेर्गांत त्यांच्याच पक्षाचे लोक उतावळे झाले. त्यांनीं देवळांतील मूर्ति फोडिल्या, आणि जुन्या रीतीनें चालणाऱ्या भाबड्या लोकांवर जुलूम केला. हें ऐकून, फ्रेडरिक ह्यांची इच्छा नसतांहि, लूथर किल्ला सोडून निघाले. ६ मार्च १५२२ रोजीं, म्हणजे राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशीं, ते शहरांत आले. ९ मार्चच्या रविवारापासून आठ दिवस त्यांनीं रोज उपदेश केला. सत्य त्यांनीं तिळभर सोडिलें नाहीं. परंतु अंतःकरण देवाच्या वचनानें पालटतें, बळजबरीनें नव्हे, आणि दुर्बळ भावाला प्रीतीनें अवधि द्यावा, हें त्यांनीं शिकविलें. शहर शांत झालें.

१५२६ सालीं उपासनेची जर्मन पद्धति ठरवितांना त्यांनीं उपवासकाळ राखिला. पण तो कोणावर उपासाची सक्ति करण्यासाठीं नव्हे, तर प्रभूच्या दुःखसहनाची कथा मंडळीच्या कानीं पडावी म्हणून. उतारवयांत मात्र त्यांनीं यहूदी लोकांविषयीं अत्यंत कठोर व निंद्य लिहिलें. आपलाच धडा ते तेथें विसरले. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं आपल्या जन्मगांवीं ते मरण पावले.

धुळें-जळगांवकडील बंधुभगिनींनो, हा धडा आपल्या घरचाच आहे. एखादा तरुण नव्या आवेशानें वृद्ध आईचा देव्हारा तिच्या देखत फोडितो. घर दुभंगतें, आणि आई प्रभूचें नांवहि ऐकूं इच्छीत नाहीं. एखादा उपास करणारा न करणाऱ्यास हिणवितो. ह्यांत कोणाचें तारण झालें?

म्हणून राखेच्या बुधवारापूर्वीं उपदेशकांनीं दुःखसहनाच्या कथेचे भाग पाडून ठेवावे, आणि रोज सायंकाळीं एक भाग मंडळीस वाचून दाखवावा. आणि ज्यास आपण सत्याच्या नांवाखालीं दुखविलें असेल, त्याच्या दारीं आम्हीं व तुम्हीं प्रथम जावें. डोंगर उतरून येणारा प्रभु आपल्याला त्याच दारीं भेटेल. तो आपणां सर्वांस साहाय्य करो.