ऑक्सिजन हाती लागला, पण प्रीस्टलीने तो शेवटपर्यंत मानलाच नाही

शाळेत शिकलेली 'अपघटन अभिक्रिया' आठवते? एकाच पदार्थाला उष्णता, वीज किंवा प्रकाश द्यायचा आणि तो फुटून दोन किंवा जास्त पदार्थ तयार होतात. यातली सगळ्यात गाजलेली अभिक्रिया घडवली ती एका पाद्र्याने.

जोसेफ प्रीस्टलीचा जन्म 1733 चा, इंग्लंडमधल्या लीड्सजवळचा. पुढे लीड्समध्ये राहताना त्याच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. तिथल्या वायूशी खेळता खेळता त्याने सोडा वॉटर बनवलं.

1 ऑगस्ट 1774 ला त्याने पाऱ्याच्या लाल भस्मावर मोठ्या भिंगातून ऊन पाडलं. भस्म तापलं, पाऱ्याचे चकचकीत थेंब दिसू लागले आणि एक वायू बाहेर पडला. त्यात मेणबत्ती भसकन पेटली. पुढच्या वर्षी याच वायूत कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा बराच जास्त वेळ जगला.

आज आपण म्हणू, मर्क्युरिक ऑक्साइड फुटून पारा आणि ऑक्सिजन वेगळे झाले. विषय संपला. (घरी करू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.)

पण प्रीस्टलीला तसं दिसलं नाही. तेव्हा समज असा होता की जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं आणि जळताना ते हवेत जातं. त्याने हिशेब लावला की, या हवेत फ्लॉजिस्टन अजिबात नाही, म्हणून ती ते अधाशासारखं ओढून घेते. म्हणजे पदार्थ फोडला, पण फुटून काय निघालं तेच कळलं नाही.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावर त्याने हा प्रयोग लव्हाझिएला सांगितला. लव्हाझिएने तो तराजू घेऊन केला. पारा हवेत तापवून भस्म होताना वजन वाढतं, भस्म फुटताना तेवढंच घटतं. मग निघालेला वायू भस्मातच होता! त्याला ऑक्सिजन हे नाव त्यानेच दिलं. (स्वीडनच्या शेलेला हा वायू प्रीस्टलीच्या आधीच सापडला होता, पण त्याचं पुस्तक आलं 1777 मध्ये.)

फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतल्यामुळे 1791 मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने प्रीस्टलीचं घर आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. 1794 मध्ये तो अमेरिकेला गेला. त्याच वर्षी त्याच क्रांतीने लव्हाझिएला गिलोटिनवर चढवलं.

1800 मध्ये प्रीस्टलीने फ्लॉजिस्टनच्या बाजूने आणखी एक पुस्तक काढलं. तोवर बहुतेक रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या बाजूला गेले होते. 1804 मध्ये पेनसिल्व्हेनियात तो वारला, तेव्हाही त्याचं मत बदललेलं नव्हतं.