'पॅप' चाचणीचे जनक डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे. मात्र या रोगाचे एक वैशिष्ट्य असे, की तो जडण्यापूर्वी कित्येक वर्षे गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल होऊ लागतात. ते वेळीच लक्षात आले, तर साध्या उपचाराने रोग टाळता येतो. हे बदल टिपणाऱ्या 'पॅप' चाचणीचे जनक म्हणजे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ. चाचणीचे नावही त्यांच्याच आडनावाचे संक्षिप्त रूप होय.

पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने हाच पेशा पुढे चालवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. अथेन्स विद्यापीठातून १९०४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर मात्र पापानिकोलाऊ यांचे मन संशोधनाकडे ओढले गेले. जर्मनीत म्युनिक येथे १९१० मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी आंद्रोमाखी माव्रोयेनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाल्कन युद्धात सैन्यात सेवा बजावल्यानंतर १९१३ मध्ये हे दांपत्य न्यूयॉर्कला पोहोचले. हाती थोडेसे पैसे, इंग्रजीचा गंध नाही. उदरनिर्वाहासाठी पापानिकोलाऊ यांनी एका मोठ्या दुकानात गालिचे विकले, तर पत्नीने तेथेच बटणे शिवण्याचे काम पत्करले. पुढच्याच वर्षी त्यांना कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाची संधी मिळाली. आंद्रोमाखीही बिनपगारी सहायक म्हणून प्रयोगशाळेत रुजू झाल्या.

तेथे ते गिनीपिगवर प्रयोग करीत. मादीच्या बीजकोशातून बीज नेमके केव्हा बाहेर पडते, हे प्राण्याचा जीव न घेता कळावे, यासाठी त्यांनी नाक तपासण्याच्या लहानशा उपकरणाच्या साहाय्याने योनिमार्गातील स्राव घेऊन तो काचपट्टीवर पसरला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पेशींचे स्वरूप ऋतुचक्रानुसार बदलत असल्याचे दिसून आले. चार्ल्स स्टॉकर्ड यांच्यासमवेत १९१७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे हीच पद्धत त्यांनी स्त्रियांच्या बाबतीत वापरली. अनेक वर्षे या संशोधनासाठी नमुने देणारी पहिली स्त्री म्हणजे त्यांची पत्नीच होती. कर्करोगग्रस्त स्त्रियांचे नमुने तपासताना त्यांना गळून पडलेल्या रोगट पेशी स्पष्ट ओळखता आल्या. जानेवारी १९२८ मध्ये अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. रुमानियाचे ऑरेल बाबेश हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आले होते.

वैद्यकीय जगताने मात्र याकडे पाठ फिरविली. ऊतीचा तुकडा काढून तपासण्याची बायोप्सी उपलब्ध असताना सुट्या पेशींवर विसंबावे कशाला, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. बायोप्सी बहुधा रोग दिसू लागल्यावर केली जाते. ही चाचणी मात्र वरवर निरोगी असलेल्या स्त्रीच्या शरीरातील धोका दाखविते, हा फरक तेव्हा ध्यानात घेतला गेला नाही. पापानिकोलाऊ पुन्हा ऋतुचक्राच्या अभ्यासाकडे वळले.

तब्बल अकरा वर्षांनी, १९३९ मध्ये, स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने त्यांनी हे काम नव्याने हाती घेतले. रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे नमुने पद्धतशीर तपासले गेले आणि कोणतीही लक्षणे नसलेल्या काहींमध्येही कर्करोग आढळला. १९४१ मध्ये शोधनिबंध व १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर चाचणीचा प्रसार वेगाने झाला. ज्या देशांत ती नियमितपणे होऊ लागली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू पुढील काही दशकांत निम्म्याहून अधिक घटले. १९५० मध्ये पापानिकोलाऊ यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेलने मात्र हुलकावणीच दिली. १९६१ मध्ये मायामी येथील कर्करोग संशोधन संस्थेची धुरा त्यांनी स्वीकारली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ती ठरावीक काळाने पुनःपुन्हा करावी लागते आणि काचपट्टी वाचणारे प्रशिक्षित हात लागतात. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यातून दिसले. एकदाच केलेल्या पॅप चाचणीने तितका लाभ झाला नाही. त्यामुळे आता विषाणूच्या चाचणीस प्राधान्य दिले जाते. तथापि, निरोगी स्त्रीचीच तपासणी करावी, हा त्यामागील विचार पापानिकोलाऊ यांनीच रुजविला.

भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी एकदा तरी ही तपासणी करून घेतली होती. पापानिकोलाऊ यांचा शोध मान्यतेसाठी तेरा वर्षे थांबला. बहुसंख्य भारतीय स्त्रियांपर्यंत तो अद्याप पोहोचायचाच आहे.