छडीविना शिस्त : ताराबाई मोडक

वर्गात मूल एका जागी बसत नाही, शेजारच्याला चिमटे काढतं, सांगितलेलं ऐकत नाही, ही तक्रार जुनीच आहे. तिच्यावरचा उपायही जुना : डोळे वटारायचे, कान पिळायचा, नाहीतर छडी. ताराबाई मोडक यांनी हा उपाय नाकारला आणि त्याऐवजी काय करायचं, हे आयुष्यभर करून दाखवलं.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. माहेरचं आडनाव केळकर. घरचं वातावरण प्रार्थना समाजाचं, त्यामुळे शिकायला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकील मोडकांशी झालेलं लग्न टिकलं नाही. लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

पुढे १९२३ मध्ये ही प्रतिष्ठेची वाट सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाई वकिली सोडून माँटेसोरी पद्धतीकडे वळले होते. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलाला हाताला काम द्या, साहित्य त्याच्या उंचीवर ठेवा, निवड त्याला करू द्या. गोंधळ आपोआप कमी होतो, हा त्यांच्या कामाचा गाभा. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही त्यांनी वर्गाबाहेर ठेवली. शांतताही ओरडून आणायची नाही. डोळे मिटून बारीक आवाज ऐकण्याच्या खेळातून मुलं ती स्वतःच साधत.

यामागचं कारण आता विज्ञानही सांगतं. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सहा वर्षांच्या मुलाची चुळबुळ हा बहुतेकदा उद्धटपणा नसतो, वयाचा भाग असतो. भीती वाटली की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, छातीत धडधडतं, लक्ष धोक्याकडे लागतं. अशा वेळी मूल गप्प बसतं, पण शिकत नाही.

ताराबाईंची खरी कसोटी खेड्यात लागली. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला होता. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांच्या कामात आल्या. शहरातलं महागडं माँटेसोरी साहित्य इथे परवडणारं नव्हतं. मग शिंपले, खडे, पानं, बिया हेच साहित्य झालं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना किंवा पालकांना दोष न देता ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. तिथे आधी आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं आणि मग गाणी, गोष्टी. अंग खाजत असेल किंवा पोट रिकामं असेल तर मूल चिडचिड करणारच, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. धाकटं भावंड सांभाळावं लागतं म्हणून मुलगी शाळेत येत नसे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. हीच विकासवाडी. गैरहजेरी हा मुलाचा हट्ट मानण्याऐवजी त्यांनी त्यामागची अडचण दूर केली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली.

तरीही वर्ग सांभाळणं सोपं झालेलं नाही. कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात किंवा दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुलं मध्येच शाळेत येतात. भाषा नवी, सोबती नवे. असं मूल वर्गात दंगा करत असेल, तर शिक्षा करण्याआधी पाहायच्या गोष्टी ताराबाईंच्या कामातून मिळतात : ते जेवून आलं आहे का, झोप झाली आहे का, त्याला नीट ऐकू येतं आणि फळा दिसतो का, भाषा कळते का आणि हाताला काही काम आहे का. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं, तर उपायाची सुरुवात तिथूनच करायची.