एनिग्माचे कोडे सोडवणारा पोझनानचा विद्यार्थी

दुसऱ्या महायुद्धातील गुप्तसंदेशांचा विषय निघाला की अॅलन ट्युरिंग आणि इंग्लंडमधील ब्लेचली पार्क ही दोन नावे हमखास पुढे येतात. ट्युरिंग यांचे कर्तृत्व वादातीत आहे. मात्र जर्मन लष्कराच्या एनिग्मा यंत्राचे रहस्य त्यांच्याही आधी, महायुद्धाला तोंड फुटण्यापूर्वी पावणेसात वर्षे, वॉर्सातील एका २७ वर्षांच्या गणितज्ञाने उलगडले होते. मारियान रेयेव्स्की हे त्यांचे नाव. त्यांच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन म्हणजे विद्यापीठात शिकलेले गणित.

रेयेव्स्की यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०५ रोजी आजच्या पोलंडमधील बिदगोश्च या गावी झाला. त्या काळी हे गाव जर्मन साम्राज्यात होते आणि ब्रोमबेर्ग या जर्मन नावाने ओळखले जाई. वडील तंबाखूचे व्यापारी होते. शाळा जर्मन माध्यमाची असल्याने परक्या सत्तेची भाषा मारियान यांना लहानपणीच अवगत झाली. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला आणि १९२३ मध्ये त्यांनी पोझनान विद्यापीठात गणिताच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला.

पदवी दृष्टिपथात आली असतानाच त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले. १९२९च्या जानेवारीत पोलिश लष्कराच्या गुप्तलिपी विभागाने पोझनानमध्ये निवडक विद्यार्थ्यांसाठी एक वर्ग सुरू केला. गणित आणि जर्मन भाषा, दोन्ही उत्तम येणाऱ्या सुमारे २० जणांना त्यात घेण्यात आले. प्रा. क्रिगोव्स्की यांनी त्यांची निवड केली होती आणि वर्गाविषयी बाहेर अवाक्षर काढायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी लष्करी अधिकारी येऊन शिकवत व खऱ्या जर्मन संदेशांचे नमुने सोडवायला देत. गुप्तलिपी उलगडणे हे तोवर मुख्यतः भाषा जाणणाऱ्यांचे काम समजले जाई. यंत्रांच्या युगात हे काम गणितज्ञांकडे सोपवावे लागेल, हे पोलिश अधिकाऱ्यांनी इतरांच्या आधी ओळखले, हे विशेष.

रेयेव्स्की यांच्या मनात मात्र विमागणिताचा व्यवसाय होता. पदवी मिळताच त्या विषयाच्या अभ्यासासाठी ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले. वर्षभराने ते परतले आणि पोझनान विद्यापीठात साहाय्यक म्हणून रुजू झाले. सोबत लष्कराच्या स्थानिक शाखेत, एका तळघरात, आठवड्यातून काही तास संदेश सोडवण्याचे काम सुरू झाले. १ सप्टेंबर १९३२ रोजी हेन्रिक झिगाल्स्की आणि येझी रुझित्स्की या पोझनानच्याच दोन साथीदारांसह ते वॉर्सातील गुप्तलिपी विभागात दाखल झाले. काही आठवड्यांतच वरिष्ठांनी एनिग्माचे काम एकट्या रेयेव्स्की यांच्याकडे दिले. हे काम साथीदारांपासूनही लपवून करायचे होते.

एनिग्मा दिसायला टंकलेखन यंत्रासारखे. आत तारांची गुंतागुंतीची जोडणी असलेली तीन चक्रे. प्रत्येक अक्षर दाबले की चक्र एक घर पुढे सरके आणि सांकेतिक लिपी बदले. शिवाय पुढच्या बाजूला प्लगबोर्ड होता. त्याने अक्षरांच्या जोड्या आणखी उलटसुलट होत. प्रत्येक संदेशाच्या आरंभी जर्मन यंत्रचालक स्वतः निवडलेली तीन अक्षरे, चूक टाळण्यासाठी, दोनदा टंकित करी. साहजिकच पहिले आणि चौथे सांकेतिक अक्षर हे एकाच मूळ अक्षराचे दोन अवतार असत.

रेयेव्स्की यांनी नेमके हेच टिपले. एखाद्या संदेशात पहिले अक्षर ए आणि चौथे डी, दुसऱ्यात पहिले डी आणि चौथे के, अशी नोंद करत गेले की अक्षरांची साखळी तयार होते आणि ती अखेर ए या अक्षराशी येऊन मिटते. एकाच दिवसाचे साठेक संदेश हाती असले की २६ अक्षरांच्या सर्व साखळ्या मांडता येत. येथे परम्युटेशनचा, म्हणजेच क्रमचयांचा सिद्धांत उपयोगी पडला. एनिग्मात एका स्थितीत ए चे डी होत असेल तर त्याच स्थितीत डी चे ए होई. त्यामुळे साखळ्या नेहमी समान लांबीच्या जोड्यांनी येत. प्लगबोर्डने अक्षरे बदलली तरी साखळ्यांची लांबी बदलत नसे. जर्मनांचा ज्यावर मोठा भरवसा होता, तो अडथळा गणिताच्या एका साध्या प्रमेयाने बाजूला सारला.

१९३२च्या डिसेंबरात फ्रेंच हेरखात्याने मिळवलेली कागदपत्रे त्यांच्या हाती पडली. त्यांत सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांच्या दैनंदिन किल्ल्या होत्या. तरीही समीकरणे सुटेनात. कळफलकाच्या तारा चक्रांना कोणत्या क्रमाने जोडल्या आहेत, हे कळत नव्हते. व्यापारी एनिग्मात हा क्रम कळफलकावरील अक्षरांप्रमाणे होता. लष्करी यंत्रात तो सरळ वर्णानुक्रमाने असेल, असे रेयेव्स्की यांनी गृहीत धरून पाहिले. अंदाज खरा ठरला आणि कधीही न पाहिलेल्या यंत्रातील चक्रांची जोडणी कागदावर उतरली. त्यानंतर तिघे साथीदार एकत्र आले. चक्रांच्या सर्व १,०५,४५६ स्थितींची सूची तयार करण्यास त्यांना वर्षाहून अधिक काळ लागला. जर्मनांनी पद्धत बदलली तेव्हा त्यांनी ‘बोंबा’ नावाचे यंत्र आणि झिगाल्स्की यांचे छिद्रांकित कागद ही नवी साधने घडवली.

डिसेंबर १९३८ मध्ये चक्रांची संख्या पाच झाली आणि पोलंडची साधनसामग्री तोकडी पडू लागली. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळील पिरी येथे झालेल्या बैठकीत पोलंडने आपले सारे ज्ञान आणि एनिग्माच्या प्रतिकृती ब्रिटन व फ्रान्सच्या हवाली केल्या. पाच आठवड्यांनी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. ब्लेचली पार्कमधील पुढील यशाचा पाया पिरीच्या बैठकीत घातला गेला.

रेयेव्स्की यांच्या वाट्याला मात्र वणवण आली. रुमानियामार्गे ते फ्रान्सला पोहोचले आणि तेथे काम करत राहिले. जानेवारी १९४२ मध्ये रुझित्स्की भूमध्य समुद्रात जहाज बुडून मरण पावले. पुढल्या वर्षी रेयेव्स्की आणि झिगाल्स्की यांनी पिरेनीज पर्वत ओलांडला, तेव्हा वाटाड्यानेच त्यांना लुटले. स्पेनमध्ये काही महिने तुरुंगात काढून ते इंग्लंडला आले. तेथे त्यांना पोलिश तुकडीत दुय्यम दर्जाच्या गुप्तलिपींचे काम मिळाले. ज्या कामाची मुहूर्तमेढ त्यांनी रोवली होती, त्याचे दार त्यांच्यासाठी बंदच राहिले.

युद्धानंतर झिगाल्स्की इंग्लंडमध्ये स्थिरावले. रेयेव्स्की मात्र पत्नी आणि दोन मुलांच्या ओढीने नोव्हेंबर १९४६ मध्ये मायदेशी परतले. पुढच्याच उन्हाळ्यात ११ वर्षांचा मुलगा पोलिओने दगावला. ते बिदगोश्चमध्ये साध्या कार्यालयीन नोकऱ्या करत राहिले. साम्यवादी राजवटीची सुरक्षा यंत्रणा त्यांच्यावर पाळत ठेवून होती, पण या कारकुनाने काय केले होते, याचा तिला पत्ता लागला नाही. निवृत्तीनंतर, १९६७ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहून लष्करी इतिहास संस्थेकडे सुपूर्द केल्या. १९७३ मध्ये फ्रेंच अधिकारी गुस्ताव बर्त्राँ यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पोलिश कामगिरी जगासमोर येऊ लागली. १३ फेब्रुवारी १९८० रोजी वॉर्सात रेयेव्स्की यांचे निधन झाले.

२००७ मध्ये पोझनान येथे या तिघांचे स्मारक उभे राहिले आणि २०२१ मध्ये त्याच शहरात गुप्तलिपींना वाहिलेले संग्रहालय सुरू झाले. आज बँकेचे व्यवहार आणि मोबाइलवरील संदेश सुरक्षित राखणाऱ्या शास्त्रात गणिताचे स्थान कोणी नाकारत नाही. १९२९ साली मात्र ते तसे नव्हते. कोणताही व्यावहारिक उपयोग डोळ्यांसमोर न ठेवता शिकलेले एक प्रमेय एका विद्यार्थ्याने योग्य वेळी आठवले, आणि लाखो लोकांच्या भवितव्याशी त्याचा संबंध जुळला.