शिवरायांची पत्रे

जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजांचा जन्म झाला. त्या काळी तेथे निजामशाहीचा अंमल होता. दरबारी पत्रे फार्सी वळणाने लिहीत. पत्राच्या मायन्यात कोणाला कोणता किताब लावला, यावरून त्याचा मान कळे.

राजांच्या आरंभीच्या मराठी पत्रांचा मायनाही फार्सी थाटाचाच आहे. मातोश्री जिजाबाईंची मुद्रासुद्धा फार्सी होती. राजांची मुद्रा मात्र संस्कृत! पत्राच्या अखेरीस आणखी एक लहानशी मर्यादामुद्रा उमटवीत. मग तिच्याखाली कोणाला मागाहून अक्षरही वाढविता येत नसे.

राजांनी पराक्रमाने राज्य उभारले, तरी विजापूरकर त्यांना आपल्या सरदाराचा बंडखोर पुत्रच लेखीत. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि पत्रांचे रूप पालटले. मायन्यात क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती हे बिरुद झळकू लागले. कालगणना राज्याभिषेक शकाने होऊ लागली. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. त्यात फार्सी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत.

मोगल दरबाराशी पत्रव्यवहार करावयाचा असे, तेव्हा मात्र तो फार्सीतच होई. त्यासाठी नीलप्रभू मुनशी महाराजांच्या पदरी होते.