फॅरडेची रिंग आणि डोक्यावरची कॉइल

फोन वायरलेस चार्जरवर ठेवला की वायरशिवाय चार्ज होतो. पार्किन्सनच्या पेशंटच्या डोक्याजवळ धरतात ती मॅग्नेटिक कॉइलही त्याच तत्त्वावर चालते. या उपचाराचे फॉरवर्ड मलाही येतात. मशीनबद्दल सांगण्याआधी मला मायकेल फॅरडेबद्दल सांगायचंय.

जन्म १७९१, वडील लोहार, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची लेक्चर्स ऐकली, नोट्स काढल्या, स्वतः बाइंड करून डेव्हीलाच पाठवल्या. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी! असा बायोडेटा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२९ ऑगस्ट १८३१. लोखंडी रिंगवर समोरासमोर तारेची दोन वेटोळी. एकाला बॅटरी जोडताच दुसऱ्या बाजूची सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली, पुन्हा हलली. म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेव्हाच शेजारी वीज तयार होते. (मॅग्नेटिक पट्टे विकणाऱ्यांना हे जरूर विचारा: त्यांचं मॅग्नेट तर नुसतं चिकटून बसलेलं असतं.)

१९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी अशी कॉइल डोक्यावर धरली. पल्स मिलिसेकंदाहूनही छोटा, पण कवटीतून आरपार गेला, मेंदूत करंट तयार झाला आणि हाताचे स्नायू हलले. फॅरडेच्या दुसऱ्या वेटोळ्याची जागा इथे मेंदूने घेतली.

पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात थरथरतो. हालचालींशी संबंधित भागावर हे पल्स वारंवार दिले, तर काही पेशंटना काही काळ थोडा फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत आणि गोळ्याही सुटत नाहीत. घरात कुणी पेशंट असेल तर त्यांच्या न्यूरोलॉजिस्टलाच विचारा. डोक्यात धातूचं इम्प्लांट असेल किंवा फिट्स येत असतील तर आधी सांगा.

फॅरडेलाही पन्नाशीच्या आतच विस्मरण आणि चक्कर यांनी गाठलं. १८४० च्या सुमारास काम बाजूला ठेवावं लागलं. तरी तो परतला, १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम त्याने दाखवला. स्मरणशक्ती मात्र साथ सोडत गेली. प्रयोगांच्या डायरीत नंबर टाकलेले परिच्छेद १६ हजारांवर गेले. १८६२ मध्ये, मरणाच्या पाच वर्षं आधी, चुंबकाने ज्योतीच्या वर्णपटात काही फरक पडतो का हे त्याने तपासलं. काहीच दिसलं नाही. तेही त्याने डायरीत लिहून ठेवलं.