फेकायचं ब्लेड विकणारा माणूस

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर शेव्हिंगचं पहिलं सामान घ्यायला गेलात की कन्फ्युजन ठरलेलं. एका बाजूला तीन-तीन, पाच-पाच पात्यांची चकाचक कार्ट्रिज. दुसऱ्या बाजूला पप्पांच्या कपाटात असतो तसला साधा स्टीलचा रेझर आणि कागदात गुंडाळलेली ब्लेड्स. दोन्हीकडे एक नाव हमखास दिसतं, जिलेट. हे एका माणसाचं आडनाव आहे. तो जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली, पण काउंटरवरचं हे कन्फ्युजन बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच सुरू झालं.

किंग कॅम्प जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. पुढे कुटुंब शिकागोला आलं. १८७१ मध्ये शिकागोला प्रचंड आग लागली आणि वडिलांचा हार्डवेअरचा धंदा त्यात गेला. किंग तेव्हा सोळा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे अकरावीचं वय. तो कामाला लागला आणि पुढे गावोगाव फिरून माल विकणारा सेल्समन झाला. आई मात्र जिद्दीची. १८८७ मध्ये तिचं पाककृतींचं पुस्तक आलं आणि ते अनेक वर्षं खपत राहिलं.

१८९० च्या दशकात जिलेट विल्यम पेंटर यांच्या कंपनीत सेल्समन होता. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण शोधून काढणारे ते हेच पेंटर. झाकण एकदा काढलं की फेकायचं, आणि पुढच्या बाटलीला नवं लागणार. लोक वापरतील, फेकतील आणि परत विकत घ्यायला येतील अशी वस्तू शोध, असा सल्ला पेंटर यांनी त्याला दिला. जिलेटच्या डोक्यात तो किडा घुसला. इंग्रजी मुळाक्षरं एकेक करून घ्यायची आणि त्या अक्षरावरून कोणती वस्तू सुचते ते बघायचं, असेही प्रयोग त्याने केले. काही हाती लागलं नाही.

१८९५ मधल्या एका सकाळी तो दाढी करायला आरशासमोर उभा राहिला, तर वस्तरा बोथट. तेव्हाचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर रोज घासावा लागायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही की धार लावायला कारागिराकडे न्यावा लागायचा. सुरक्षित रेझर तेव्हाही मिळायचे, पण त्यांचं पातं जाड आणि महाग असायचं, त्यालाही परत परत धार लावावी लागायची. जिलेटला तिथेच सुचलं की धार फक्त कडेला लागते, मग पातं एवढं जाड कशाला? पातळ पत्र्याला दोन्ही कडांनी धार द्यायची, ते दांड्यात अडकवायचं आणि बोथट झालं की फेकायचं.

आयडिया भारी होती, पण काम सहा वर्षं रखडलं. इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार देता येत नाही, असं एमआयटीतल्या जाणकारांनी त्याला सांगून टाकलं होतं. शेवटी ते जमवलं विल्यम निकरसन यांनी, आणि गंमत म्हणजे तेही एमआयटीतच शिकलेले. १९०१ मध्ये कंपनी उभी राहिली. १९०३ मध्ये वर्षभरात विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड्स. पण पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंटही मिळालं.

आता पैशांचा भाग. जिलेटने रेझर स्वस्तात देऊन ब्लेडवर पैसा कमावला, असं मॅनेजमेंटच्या वर्गात बऱ्याचदा सांगतात. सुरुवातीचा सीन तसा नव्हता. रेझरची किंमत होती पाच डॉलर, कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला मोठा तुकडा. ब्लेडचं पाकीट एक डॉलरला. पेटंट होतं तोवर त्याने रेझर महागच विकला. १९२१ मध्ये पेटंट संपलं आणि तसाच माल कुणालाही बनवता येऊ लागला, तेव्हा कंपनीने जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरला आणला. मधल्या काळात पहिलं महायुद्धही कामाला आलं. अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड्स घेतली. घरी परतलेल्या पोरांना रोज स्वतः दाढी करायची सवय लागली होती.

सगळ्यात अजब गोष्ट वेगळीच आहे. या माणसाला धंद्यातली स्पर्धाच मान्य नव्हती. १८९४ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं. सगळे उद्योग जनतेच्या मालकीच्या एकाच संस्थेत आणायचे आणि जवळपास सगळ्या अमेरिकेने नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात राहायचं, असं त्याचं स्वप्न होतं. १९१० मध्ये अशा संस्थेचं अध्यक्षपद घ्यावं म्हणून त्याने माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊ केले. त्यांनी नकार दिला.

ब्लेडच्या पाकिटावर त्याचा मिशीवाला फोटो असायचा, त्यामुळे तो चेहरा जगभर पोचला. कंपनीवरचा ताबा मात्र भागीदारांशी भांडणात हळूहळू सुटत गेला. १९२९ नंतरच्या मंदीत शेअर कोसळले आणि संपत्ती जवळपास बुडाली. ९ जुलै १९३२ ला कॅलिफोर्नियात तो वारला.

त्याची कंपनी पुढे एकदा आपल्याकडेच फसली. भारतासाठीचा एक रेझर आधी बोस्टनजवळ, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला. तिथे नळाला धो-धो पाणी. इथे लोक मगभर पाण्यात दाढी करतात, त्यामुळे ब्लेडमध्ये केस अडकून बसले. मग २०१० मध्ये १५ रुपयांचा रेझर आणि ५ रुपयांचं कार्ट्रिज आलं.

नव्याने दाढी सुरू करणाऱ्याने यातून काय घ्यायचं? दोन धारांच्या ब्लेडचं पेटंट कधीच संपलंय. ते कोणीही बनवतं, कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही कंपनीच्या साध्या रेझरला बसतं, आणि एक ब्लेड कटिंग चहापेक्षा स्वस्त पडतं. भारीतल्या कार्ट्रिजचं तसं नाही. ज्याचा दांडा त्याचंच कार्ट्रिज, आणि एकेकाला बऱ्याचदा शंभराच्या वर मोजावे लागतात. साधा रेझर, ब्रश, क्रीम आणि तुरटी एकदा काही शे रुपयांत घेतलं की नंतरचा खर्च फक्त ब्लेड आणि क्रीमचा. किंमत द्यायची ती सवयीची. पहिले काही दिवस जोर न लावता, केसांच्या दिशेने, हळू हात चालवावा लागतो. घाई केली की कापणार.

आणि एक गोष्ट, जी जिलेटच्या हिशेबात नव्हती. फेकलेलं ब्लेड जातं कुठे? ते घंटागाडीत जातं, आणि तिथला कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतो. म्हणून वापरलेली ब्लेड्स एका जुन्या पत्र्याच्या डबीत साठवा, डबी भरली की चिकटपट्टीने बंद करा आणि गाडीवाल्या दादांच्या हातात सांगून द्या. यात एक रुपयाही जात नाही.